मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट कुठून आली?

गटाच्या बैठकीत डोळ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, “आत्याबाईंचा मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की ऑपरेशन करू.” दुसरं असतं, “उन्हाळ्यात नको, थंडीत बघू.” या बोलण्याला कुणी अडाणीपणा म्हणू नये. एके काळी डॉक्टरच असं सांगत. का सांगत, ते आज बघू.

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नितळ भिंग असतं. वय झालं की ते गढूळ होतं, आणि फार वाढलं की बाहुलीत मोत्यासारखं पांढरं दिसतं. म्हणून मोतीबिंदू. यावरचा आपल्याकडचा जुना उपाय सुश्रुतसंहितेत लिहिलेला आहे. बारीक शलाका डोळ्यात घालून गढूळ भिंग वाटेतून बाजूला ढकलायचं, मग पट्टी बांधून रोग्याने उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही. भिंग डोळ्यातच राही. उजेड दिसे, माणसं ओळखू येत. पण पुष्कळ डोळे पुढे पू होऊन किंवा आतला दाब वाढून कायमचे जात. गावोगाव फिरणारे काही वैद्य विसाव्या शतकातही हे करत होते. डोळा बिघडेपर्यंत वैद्य पुढच्या गावाला गेलेला असे.

१७४७ मध्ये फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी डोळ्याला छेद देऊन गढूळ भिंग बाहेर काढलं. ‘पिकण्याचा’ हिशेब या पद्धतीतला. भिंग अर्धवट गढूळ असलं तर त्याचा चिकट गर आत राही आणि डोळा सुजे. पूर्ण पिकलेलं भिंग मात्र स्वच्छ सुटून येई, पिकलेल्या आंब्याची कोय सुटते तसं. पुढे जालंधरला हेन्री स्मिथ या आयरिश डॉक्टरांनी भिंग पिशवीसकट काढण्याची रीत हजारो रोग्यांवर वापरली. तेव्हा पिकण्याची गरज तशी कमी झाली होती, तरी वाट बघणं सुटलं नाही.

त्याला कारण चष्मा. भिंग काढलं की डोळा रिकामा, म्हणून सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लागे. तुमच्यापैकी अनेकींच्या आजीला तो असेल. त्यातून सगळं मोठं आणि जवळ आल्यासारखं दिसे, बाजूचं दिसत नसे, आणि चष्मा फुटला की पुन्हा अंधार. एकच डोळा केला तर एकच वस्तू लहानमोठी अशी दोनदा दिसे. मग थोडं दिसत असताना डॉक्टर तरी घाई कशाला करतील? शिवाय टाके नसत, म्हणून डोळ्यांवर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून कित्येक दिवस पडून राहावं लागे. असं पडून राहायला थंडीच बरी. शिबिरंही बहुतेक तेव्हाच भरत.

हे बदललं ते लंडनच्या हॅरल्ड रिडली यांच्यामुळे. महायुद्धात विमानाच्या फुटलेल्या खिडकीचे प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळा त्यांना सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच प्लास्टिकचं भिंग त्यांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये एका ४५ वर्षांच्या बाईच्या डोळ्यात बसवलं. मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांना वेड्यात काढलं.

गरिबाच्या डोळ्यात हे भिंग यायला मात्र आणखी चाळीसेक वर्षं लागली, कारण ते परदेशी आणि महाग. मदुराईला डॉ. व्यंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, त्याच हातांनी ते ऑपरेशन करत. त्यांच्या संस्थेने १९९२ मध्ये भिंगं इथेच बनवायला घेतली आणि किंमत कोसळली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा सरकारी कार्यक्रम सात राज्यांत चालला, त्यात महाराष्ट्रही होता.

आता छेद लहान, भिंग आत, बहुतेक वेळा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी. ऋतू कुठलाही चालतो. चष्मा लावूनही तांदळातले खडे दिसेनात, पायरी चुकायला लागली, की तपासायची वेळ झाली. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही. उलट फार पिकू दिला तर भिंग फुगून दाब वाढतो, डोळा ठणकतो आणि नजर कायमची जाऊ शकते. मी तर बघते, घरात बापयांचा मोतीबिंदू लवकर पिकतो आणि बायांचा उशिरा!

वाट बघण्यात दुसराही धोका आहे. दिसेनासं झालं ते मोतीबिंदूनेच, असं घरीच ठरवतात आणि निघतो काचबिंदू. त्यात गेलेली नजर परत येत नाही, फक्त उरलेली राखता येते. मधुमेहाने मागचा पडदा खराब झाला असेल तरी वरून कळत नाही. म्हणून तपासणीत थेंब टाकून बाहुली मोठी करून आत बघतात. त्यानंतर काही तास अंधुक दिसतं, तेव्हा आत्याबाईंना एकटीला एसटीत बसवू नका, कुणीतरी सोबत जा, आणि शुगरची चिठ्ठी असेल तर तीही न्या.