सेफ मोड (प्लेस्टेशन ४)

सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ४ (२०१३) या घरगुती गेम कन्सोलमधील दुरुस्तीची सोय. अपडेट अर्धवट राहिले, सिस्टिम सॉफ्टवेअर बिघडले किंवा कन्सोल सुरू होता होताच अडकू लागला, की ती कामी येते.

बंद कन्सोलचे पॉवर बटण दाबून धरतात. पहिला बीप लगेच येतो, दुसरा सुमारे ७ सेकंदांनी. तो ऐकल्यावरच बोट उचलायचे. कंट्रोलर इथे बिनतारी चालत नाही, यूएसबी केबलने जोडून त्यावरचे पीएस बटण दाबावे लागते. निव्वळ चार्जिंगची केबल लावली तर पडदा ढिम्म राहतो आणि कन्सोल कायमचा गेला, असा समज होतो.

पडद्यावर ७ पर्याय येतात. रीस्टार्ट, रिझोल्यूशन, अपडेट आणि मूळ सेटिंग हे पहिले चार निरुपद्रवी. पाचवा ‘रीबिल्ड डेटाबेस’ हार्ड डिस्क तपासून त्यावरील सामग्रीची यादी नव्याने बनवतो. गेम आणि सेव्ह शाबूत राहतात. भरलेल्या डिस्कवर याला बराच वेळ लागतो, मध्येच वीज तोडू नये. सहावा आणि सातवा मात्र सगळे पुसतात. सातवा शिवाय सिस्टिम सॉफ्टवेअरही नव्याने टाकतो. ओळखीतले जाणकार सर्रास थेट सातवाच सुचवतात, ही घाई आहे. सेव्हची प्रत काढून ठेवलेली नसेल, तर पाचवा करून पाहिल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

सातव्यासाठी अपडेटची नेहमीची फाइल चालत नाही. सुमारे १ जीबीची वेगळी, पूर्ण फाइल संगणकावर उतरवावी लागते. पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट हवा. त्यात ‘पीएस४’, त्याच्या आत ‘अपडेट’ हे फोल्डर आणि आत ‘पीएस४अपडेट.पीयूपी’, सर्व नावे रोमन कॅपिटल अक्षरांत. फाइल दुसऱ्यांदा उतरवली की ब्राउझर नावापुढे कंसात १ जोडतो. तेवढ्यानेही कन्सोलला ती सापडत नाही. फाइलच खराब असेल, तर एसयू-३०७४६-० हा एरर कोड दिसतो.

प्रत्येक एररला उपाय करावाच लागतो असे नाही. १ मार्च २०१० रोजी जुन्या प्लेस्टेशन ३ संचांवर ८००१०५०एफ हा एरर आला. आतल्या घड्याळाने २०१० हे लीप वर्ष धरले होते. दिवस उलटताच संच आपोआप पूर्ववत झाले.

हार्ड डिस्कच निकामी झाली असेल, तर वरचे पर्याय फुकट जातात. प्लेस्टेशन ४ ची २.५ इंची साटा डिस्क वापरणाऱ्याला स्वतः बदलता येते. नवी बसवल्यावर सातवा पर्याय अपरिहार्य ठरतो.