गच्चीवरील परसबाग

गच्चीवरील परसबाग म्हणजे घरामागील पारंपरिक परसबागेची रचना शहरी इमारतीच्या गच्चीस अनुरूप करून केलेली बाग होय.

पारंपरिक रूप

मराठी घरांच्या अंगणात तुळशीवृंदावन व फुलझाडे, तर मागील परसात भाजीपाला असे. न्हाणीचे सांडपाणी अळू, केळ व कर्दळ यांना मिळे. त्यामुळे पाण्याचा निचरा व भाजीची सोय एकदमच होई.

आधुनिक रूप

ठाण्यातील वागळे इस्टेट ही १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत होय. अशा भागांतील दाट वस्तीत परसाला जागा उरत नाही; बाग गच्चीवर जाते. तेथे मुख्य अडचण वजनाची असते. भिजलेली माती घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते. म्हणून वाफ्यांत मातीऐवजी मुख्यतः पालापाचोळा, उसाचे चिपाड व स्वयंपाकघरातील ओला कचरा वापरतात. ‘प्रयोग परिवारा’चे प्रवर्तक श्री. अ. दाभोळकर यांनी अशा पद्धतींचा पुरस्कार केला. परसातील सांडपाण्याची जागा येथे ओला कचरा घेतो; घरात उरलेले बागेला देण्याचे तत्त्व मात्र कायम राहते.

दक्षता

गच्चीचे जलरोधन तपासून कुंड्या विटांवर ठेवाव्या लागतात. पावसाळ्यापूर्वी पाणी वाहून जाण्याचे मार्ग मोकळे करतात. वड, पिंपळ यांची रोपे वेळीच काढली नाहीत, तर मुळांमुळे छताला तडे जातात.