मोहाची फुलं, घरातली कणगी आणि कायदा

तुम्ही घरी लोणची, पापड किंवा लाडू करून विकत असाल, तर अन्न नोंदणीचा फॉर्म तुम्हाला माहीत असेलच. 'हे सरकारचं नवीनच खूळ' असं त्याबद्दल बरेचदा ऐकायला मिळतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सरकारने घरात साठवलेल्या अन्नात हात घातला, तो या फॉर्मच्या 100 हून अधिक वर्षं आधी. निमित्त होतं मोहाच्या फुलांचं.

मोह फुलतो साधारण मार्च-एप्रिलमध्ये. फुलं रात्री गळतात, पहाटे वेचायची, अंगणात सुकवायची आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून ठेवून द्यायची. आदिवासी घरांत ती भाजून, उकडून, पिठात मिसळून खाल्ली जात. सुकलेल्या फुलाच्या वजनात अर्ध्याहून जास्त भाग साखरेचा असतो. ओलावा कमी आहे तोवर यीस्टला त्या साखरेवर वाढता येत नाही, म्हणून फूल महिनोन्महिने टिकतं. तेच फूल पाण्यात भिजत ठेवलं की आंबतं आणि ते गाळलं की दारू. म्हणजे कणगीतला माल एकच. त्याचं पुढे अन्न होणार की दारू, हे नुसतं फुलाकडे बघून सांगता येत नाही. पुढची सगळी गोष्ट इथेच अडते.

मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा 1878 चा. ठरावीक ठिकाणीच दारू गाळायची आणि तिच्यावर कर घ्यायचा, असं धोरण. ठाण्याच्या बाजूला मोहाची दारू पुरवायचं मोठं केंद्र होतं उरण. पण दारातच मोहाचं झाड असताना कराची महाग दारू कोण घेणार? मग 1892 मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा झाला. चोरून दारू गाळणं आधीच गुन्हा होता. आता फुलं बाळगण्यावर आणि त्यांच्या व्यापारावरही निर्बंध आले. शहापूर-मुरबाड तेव्हाही ठाणे जिल्ह्यातच होते. पावसाळ्यासाठी ठेवलेली फुलं आता संशयाला कारण ठरू शकत होती. महसूल वाचवण्यासाठी केलेला कायदा असा थेट धान्याच्या कणगीपर्यंत पोहोचला.

आता तुम्ही म्हणाल, इंग्रज गेल्यावर हे संपलं असेल. तसं झालं नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्यातही मोहाची फुलं नियंत्रणाखालीच राहिली. कारण बदललं, महसुलाच्या जागी दारूबंदी आली. पण फुलाकडे बघायची नजर तीच राहिली.

त्याच काळात दुसऱ्या बाजूने वेगळे कायदे येत होते. 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा विचारत होता, 'पदार्थ शुद्ध आहे का?' 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात चहा, कॉफी आणि दुधाच्या दुकानांचं नियमन पंचायतीच्या विषयांमध्ये घातलं गेलं. इथे निदान प्रश्न खाणाऱ्याच्या पोटाचा होता. पुढे 2006 चा अन्न सुरक्षा कायदा आला आणि 2011 पासून लागू झाला. त्याच्या नियमांत 12 लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरली, फी वर्षाला 100 रुपये. अट काय? स्वच्छ पाणी, झाकलेली साठवण, स्वच्छ हात. 1892 शी तुलना केली तर हा फार मोठा बदल आहे. घरात काय ठेवलंय यापेक्षा ते कसं ठेवलंय, हे विचारलं जाऊ लागलं.

मोहाच्या फुलांना मात्र यासाठी आणखी थांबावं लागलं. आदिवासींना ही फुलं गोळा करण्यावर आणि साठवण्यावर असलेले निर्बंध उठवायचा निर्णय राज्य सरकारने 2021 मध्ये घेतला. त्यामुळे मोहाचा लाडू करून विकणाऱ्या बचत गटाला निदान कच्चा माल उघडपणे ठेवण्याची वाट मोकळी झाली.

तरी एक फट राहिलीच आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 18 मध्ये शेतकरी आणि मच्छीमार यांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलंय. रानातून वेचून आणणाऱ्याचं नाव तिथे नाही. दुसरीकडे, वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर हक्क दिला तो वेचणाऱ्यालाच. शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे आणि मुरबाडची काही गावंही. तिथे पेसा कायद्यानुसार ग्रामसभेलाही या बाबतीत अधिकार आहेत. म्हणजे फूल ग्रामसभेच्या अखत्यारीत आणि लाडू अन्न प्रशासनाच्या. मधलं अंगण, जिथे फूल सुकतं, ते कोणाचं?

माझ्या मते खरा नियम तिथेच हवा. फूल जमिनीवर न सुकवता जाळीवर सुकवा, ओलावा मोजा, कोरड्या डब्यात ठेवा. नीट सुकलेलं फूल बुरशीपासूनही वाचतं आणि आंबतही नाही. आरोग्याची काळजी आणि अबकारीवाल्यांची जुनी चिंता, दोन्हींवर उत्तर एकच आहे. त्यासाठी कणगी जप्त करायची गरज 1892 मध्येही नव्हती. पण तेव्हा कोणी फूल सुकवणाऱ्या बाईला विचारलंच नाही. आता नियम करणाऱ्यांनी तरी आधी तिला विचारावं.