पाकिस्तानी अभ्यागतांची व्हिसा-छाननी

पाकिस्तानी नागरिकांना भारतात येताना लागू होणारी, इतर बहुतेक देशांच्या नागरिकांपेक्षा कडक तपासणी. त्यांना ई-व्हिसा मिळत नाही. एप्रिल २०२५ पर्यंत भेटीचा व्हिसा शहरवार असे. त्यावर मुंबई लिहिलेली असेल, तर ग्वाल्हेरला राहणाऱ्या मावशीकडे जाता येत नसे. पोहोचल्यावर सर्वसाधारणपणे २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागे. कराचीतील भारतीय वाणिज्य दूतावास १९९४ मध्ये बंद झाल्याने तेथील मराठी भाषकांनाही इस्लामाबादमधील भारतीय उच्चायुक्तालयाकडेच पाहावे लागे. २०१२ च्या भारत-पाकिस्तान व्हिसा करारात ६५ वर्षांवरील वृद्धांना अटारी सीमेवर पोहोचताच व्हिसा देण्याचे ठरले; पण जानेवारी २०१३ मध्ये, नियंत्रणरेषेवरील चकमकींनंतर, ही सवलत रोखून धरण्यात आली.

परदेशी माणसाला भारतात फिरण्याचा आणि राहण्याचा मूलभूत हक्क नाही आणि त्याला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर खटल्यात स्पष्ट केले. कायदेशीरपणाचा प्रश्न तिथे मिटतो, न्याय्यतेचा मिटत नाही. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील हल्लेखोर व्हिसा न घेता समुद्रमार्गे आले. त्याआधी शहराची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकी पासपोर्टवर, दाऊद गिलानी हे मूळ नाव बदलून, उजळ माथ्याने फिरला. म्हणजे राष्ट्रीयत्वाची चाळण नेमक्या त्याच माणसाला अडवू शकली नाही. आजारी बहिणीला भेटू पाहणारी म्हातारी मात्र तीत अडकते. हा अन्यायच आहे. व्यक्तीच्या प्रवासाचा आणि वर्तनाचा माग घेणारी छाननी अधिक न्याय्य आणि उपयोगीही ठरेल. प्रत्यक्षात मात्र काश्मीरमधील पहलगाम हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसे सरसकट रद्द झाले; हिंदू पाकिस्तानी नागरिकांचे दीर्घ मुदतीचे व्हिसे कायम राहिले.