कारभारीण

आमच्या माढा तालुक्यात अजूनही जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याला "कारभारी" अशी हाक मारतात. घरचा मालक तोच, असा त्यातला भाव. पण इतिहासातला कारभारी मालक नव्हता. सवाई माधवराव लहान असताना बारभाईंनी दौलत सांभाळली, ती दुसऱ्याची म्हणून. दुसऱ्याचे सांभाळायचे आणि विचारील तेव्हा हिशेब द्यायचा, हा कारभाराचा खरा अर्थ.

मराठी बायबलातही हाच शब्द आहे. ख्रिस्ती विचारात पुढारी हा धनी नसतो, कारभारी असतो. येशूचा एक दृष्टांत बऱ्याच जणांना ठाऊक असेल. धनी परदेशी जाताना तीन चाकरांकडे पैसे सोपवतो. दोघे ते वाढवतात, तिसरा भिऊन जमिनीत पुरतो आणि जसेच्या तसे परत करतो. त्याने एक पै खाल्लेली नसते, तरी बोलणी त्यालाच बसतात. म्हणजे नुसते चोरी न करणे एवढ्याने कारभार होत नाही.

हा विचार कोणी प्रत्यक्षात आणला का, असे विचारले तर मला पंडिता रमाबाई आठवतात. मोडनिंबहून कुर्डुवाडीला जाऊन पुण्याची गाडी धरली, की दौंडच्या पुढे केडगाव लागते. तिथे त्यांचे "मुक्ती" आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने मुलीला. १८७४ च्या सुमारास दुष्काळात भटकताना रमाबाईंचे आईवडील गेले. पुढे वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग अमेरिकेत हिंदू विधवांची हकीकत सांगत त्या फिरल्या. १८८७ च्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. गोदूबाई, म्हणजे पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई, तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी.

पैसा अमेरिकेतल्या ख्रिस्ती लोकांचा, मुली हिंदू घरांतल्या आणि सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे. सदनात धर्माचा प्रचार होणार नाही, असे ठरलेले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार उघडे असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. "केसरी"ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे मी थांबतो. रमाबाईंवर प्रेम करणारे हे प्रकरण पुण्याच्या कर्मठपणावर ढकलून मोकळे होतात. मला तेवढे सोपे वाटत नाही. मुलींवर त्यांनी सक्ती केली नाही, हे खरे. स्वतःच्या खोलीत देवाचे नाव घेण्याचा हक्क त्यांना होता, हेही खरे. पण ज्या आईबापांनी लोकनिंदा सोसून विधवा मुलगी धाडली, त्यांनीही काही सोपवले होते. कारभाऱ्याला कधी कधी एकाहून अधिक धनी असतात आणि सगळ्यांचा हिशेब एका वहीत बसत नाही. रानड्यांनाही ते अवघड गेले असणार. पुढे केडगावला मात्र त्यांनी उघडपणे ख्रिस्ती संस्था उभी केली. त्यामुळे निदान संदिग्धता तरी उरली नाही.

आता पैशाचा कारभार पाहा. अमेरिकेची मदत १८९८ ला संपणार, हे रमाबाई विसरल्या नव्हत्या. म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली. फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचे, हा त्यांचा बेत होता. पैसे पुरून ठेवणाऱ्या चाकराच्या नेमके उलट! पण बाग हाती लागण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्याबाहेर हलवावे लागले आणि त्याच जमिनीवर "मुक्ती" उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना सगळे होते आणि ते काम मुलीच करीत. आयते खायला घालणे सोपे असते. खाणाऱ्याला कर्ती करणे कठीण.

कारभाऱ्याची शेवटची परीक्षा म्हणजे सोपवणे. रमाबाईंना एकुलती एक मुलगी, मनोरमा. ती शिकलेली होती, १९१२ मध्ये तिने गुलबर्ग्याला शाळा काढली होती आणि मुक्तीचे काम पुढे तीच पाहणार असे सगळे धरून चालले होते. ती २४ जुलै १९२१ रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी गेली. त्या दुःखातही रमाबाईंनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. संस्थेची धुरा लिसा हेस्टी या सहकारी बाईंकडे गेली. नाते रक्ताचे नव्हते, कामाचे होते.

आपल्याकडे संस्था उभी राहते, नाव होते आणि मग ती घराण्याची होऊन बसते. चेअरमनचा मुलगा चेअरमन होतो आणि हिशेब विचारणारा घरभेदी ठरतो. मुक्ती आजही केडगावात चालू आहे. रमाबाईंचे सगळे निर्णय पटले पाहिजेत असे नाही, मलाही पटत नाहीत. पण आपल्या हाती आहे ते आपले नाही, हे त्यांना कळले होते. हे कळण्यासाठी ख्रिस्तीच असावे लागते असे थोडेच आहे?