शब्दवेध : खटपट

'खटपट' हा शब्द आवाजातून जन्मला. वस्तू आपटली की 'खट', पडली की 'पट'. कडकड, धडपड ही त्याचीच भावंडं. हिंदीत त्याचा अर्थ भांडणाकडे गेला. मराठीत तो मेहनतीकडे वळला आणि आडवाटेने कारस्थानापर्यंत पोहोचला. म्हणून 'खटपट्या' हे आपल्याकडे कौतुकही आहे आणि शिवीही.

पुण्यात या शब्दाला चाकं होती. 1972मध्ये बजाजची चेतक आली आणि रोज सकाळी वाड्यांबाहेर स्कूटरी कलत्या होऊ लागल्या. कलती करायची, सरळ करायची, मग किक. तरीही ढिम्म, तर पान्याने प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फुंकर मारून पुन्हा बसवायचा. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं आलंच. न विचारता सल्ला द्यायला शेजारचे काका हजर. (पुणंच ते.) 2009मध्ये बजाजने स्कूटर बनवणं थांबवलं, 2020च्या जानेवारीत 'चेतक' हेच नाव विजेवर परतलं. किक नाही, प्लग नाही.

आता सगळ्यांना हवं ते 'बिनबोभाट' चालणारं. बोभाट म्हणजे गवगवा, आरडाओरडा. आणि हा 'बिन' म्हणजे 'विना'. जुन्या कागदपत्रांतल्या 'अमुक बिन तमुक'मधला अरबी 'बिन', म्हणजे मुलगा, तो वेगळा.

त्या खटपटीच्या आठवणीने हळवे होणारे बहुतेक जण स्वतः प्लग घाशीत नसत, असा माझा दाट संशय आहे. ते काम धाकट्या भावाचं असे. हल्ली फोनचं अपडेट नातवाकडे असतं.