प्रतिमामापन, मोबाइल ॲपमधील

मोबाइल ॲपच्या पडद्यावर छायाचित्र, चिन्ह किंवा नकाशा किती जागेत, कोणत्या प्रमाणात आणि मजकुराच्या कोणत्या बाजूला दिसावा, हे ठरविण्याचे तंत्र म्हणजे प्रतिमामापन. चित्र ताणले जाणे, त्याच्या कडा कापल्या जाणे, ते आडवे पडणे, उशिरा येऊन खालचा मजकूर ढकलणे, अक्षरांवर चढणे ही त्यातील नेहमीची दुखणी. ती रंगरूपाची आहेत, शेवटी सवडीने आवरता येतील, असा समज ॲप बनविणाऱ्यांत आढळतो. करमणुकीच्या ॲपपुरता तो चालूनही जाईल. पण जेथे छायाचित्र हाच पुरावा असतो, तेथे कड कापली की माहिती कापली. म्हणून येथे बाजू घेतली आहे ती अशी : प्रतिमेचे माप ठरविण्याआधी तिचे काम ठरवावे, आणि तिची जागा ती येण्याआधी आखून ठेवावी.

भंडारा जिल्हा या विषयाची चांगली कसोटी आहे. गोंदिया १९९९ मध्ये वेगळा झाल्यावर भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, पवनी व लाखांदूर असे सात तालुके जिल्ह्यात उरले. मुख्य पीक धान. राज्य शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू केली. पूर्वी तलाठ्याने करायची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभे राहून, अक्षांश-रेखांशासह पिकाचे छायाचित्र काढून करायची असते. ती गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्याच्या पीकनोंदीत उतरते आणि आधारभूत किमतीने धान विकताना किंवा नुकसानभरपाई मागताना उपयोगी पडते. दुसरीकडे रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी केंद्राच्या ॲपवर दिवसातून दोनदा छायाचित्र काढून घेणे १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. मामा (माजी मालगुजारी) तलावाचे खोलीकरण असो की पांदण रस्ता, सगळी रांग एका छायाचित्रात यावी लागते. दोन्ही ठिकाणी फोन हातात धरणारा उन्हात असतो, त्याचे पाय चिखलात असतात आणि रेंजचा भरवसा नसतो. वातानुकूलित खोलीतल्या मोठ्या पडद्यावर आखलेली मांडणी येथे उघडी पडते.

साधे गणित पाहू. फोनचा कॅमेरा बहुधा ४:३ प्रमाणाचे छायाचित्र काढतो. ते चौरस चौकटीत ‘भरून’ बसविले, म्हणजे अँड्रॉइडच्या भाषेत सेंटर-क्रॉप केले, तर रुंदीचा एक चतुर्थांश जातो. चित्राच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सोळा मजूर एका ओळीत समान अंतराने उभे असतील, तर दोन्ही टोकांचे दोन-दोन जण चौकटीबाहेर राहतात. छायाचित्र १६:९ असेल तर आठच पूर्ण उरतात. उलट, उभ्या फोनने काढलेले धानाचे ३:४ छायाचित्र १६:९ च्या आडव्या पट्टीत भरले, तर उंचीचा निम्म्याहून अधिक भाग जातो. पीक कोणत्या शेतातले हे सांगणारा धुरा, म्हणजे शेताचा बांधच, बहुधा त्यात असतो. ताणून बसविणे हा तर त्याहून वाईट उपाय. आडवे ४:३ चित्र चौरसात दाबले की रुंदीच्या मानाने धान एक तृतीयांशाने उंच दिसते, आणि हे पुराव्यात बसत नाही. पूर्ण चित्र मावेल तेवढे लहान करून उरलेल्या जागी रिकामी पट्टी सोडणे हा पर्याय देखणा नाही, पण खरा आहे. तपासणीच्या कामासाठी तोच नियम असावा. कापून भरणे चिन्हांना, मुखपृष्ठाच्या शोभेच्या चित्राला, फार तर एकट्या चेहऱ्याला ठेवावे.

यावर आक्षेप येतो की यादीतले छोटे चित्र केवळ खूण असते. त्यावर बोट ठेवले की पूर्ण छायाचित्र उघडते, मग बिघडले कुठे? बिघडते ते तपासणाऱ्याच्या सवयीत. केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ८ जुलै २०२५ च्या परिपत्रकात हजेरीच्या ॲपवर असंबद्ध छायाचित्रे चढविणे, छायाचित्राचेच छायाचित्र काढणे, प्रत्यक्ष व नोंदलेल्या मजुरांच्या संख्येत तफावत असणे असे गैरप्रकार नोंदवून ग्रामपंचायतीपासून वरच्या पातळ्यांवर पडताळणी करण्यास सांगितले. हे प्रकार मांडणीमुळे घडले असे म्हणता येणार नाही. पण ते पकडायचे काम ज्याच्याकडे आहे, तो शेकडो नोंदींची यादी खाली-खाली सरकवत जाणार, प्रत्येक चित्र उघडणार नाही. ज्या लहान चित्रात सगळी रांग दिसतच नाही, त्यावरून संख्येची तफावत कोणाला कळावी?

मापाचा दुसरा गुंता पडद्याच्या घनतेचा. २००९ च्या अँड्रॉइड १.६ पासून वेगवेगळ्या आकारांचे व घनतांचे पडदे गृहीत धरले गेले. तेथे माप प्रत्यक्ष बिंदूंत न देता घनतामुक्त एककात, म्हणजे डीपीत, देतात. इंचाला १६० बिंदूंच्या पडद्यावर एक डीपी म्हणजे एक बिंदू. ४८ डीपीचे चिन्ह ३२० घनतेच्या पडद्यावर ९६ बिंदू घेते आणि ६४० च्या पडद्यावर १९२. ॲपलने २०१० च्या आयफोन ४ मध्ये बिंदू दोन्ही दिशांनी दुप्पट केले, तेव्हा तेथेही दुप्पट आणि पुढे तिप्पट मापाची चित्रे देण्याची रीत रुजली. चिन्हांपुरता हा प्रश्न सदिश (व्हेक्टर) चित्रांनी मिटतो. छायाचित्राचा मिटत नाही.

कारण छायाचित्राचे वजन पडद्यावरच्या मापाने ठरत नाही. ४००० × ३००० बिंदूंचे चित्र फाइलमध्ये तीन-चार मेगाबाइटचे असेल, पण दाखविण्यासाठी उलगडले की प्रत्येक बिंदूला चार बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट स्मृती घेते. ७२० बिंदू रुंदीच्या स्वस्त फोनवर तेच चित्र पूर्ण रुंदीत दाखवायला साडेपंधरा लाख बाइट पुरतात, सुमारे एकतिसावा हिस्सा. यादीत अशी दहा चित्रे मूळ मापात उलगडली की ॲप मध्येच बंद पडते आणि शेतकरी फोनला दोष देतो. उपाय जुना आहे : उलगडतानाच लहान मापात उलगडावे. ग्लाइड, कॉइल यांसारखी तयार साधने हे आपोआप करतात, मग प्रोग्रामरने कशाला डोके शिणवावे, असे विचारले जाते. ही साधने चौकटीला तिचे माप विचारतात. चौकटच ‘चित्र येईल तेवढी मोठी’ अशी ठेवलेली असेल, तर उत्तर मिळत नाही आणि साधनाला अंदाजाने मोठे माप धरावे लागते. आपोआप होणारे काम शेवटी चौकट आखण्यापाशीच येऊन थांबते.

लहान करण्याने पुरावा दुबळा होतो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो खराही ठरतो, पण दाखवायची प्रत आणि पाठवायची प्रत एकच धरली तरच. त्या वेगळ्या ठेवाव्यात. पाठवायच्या प्रतीत लोंबी आणि पानावरचा रोग ओळखू येईल एवढे बिंदू राहू द्यावेत. दाखवायची प्रत पडद्याच्या मापाची असावी. येथे एक खोच आहे. छायाचित्राच्या फाइलमध्ये एक्झिफ नावाची नोंद असते. चित्र कोणत्या बाजूने धरून काढले हे तीत असते, परवानगी दिली असेल तर अक्षांश-रेखांशही. चित्र उलगडून पुन्हा दाबताना ही नोंद मुद्दाम उचलून ठेवली नाही, तर ती गळते. मग उभे धान आडवे झोपलेले दिसते आणि वादळाने पीक लोळल्याचा भास होतो!

जागा आधी आखण्याचे तत्त्व धान करणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. धुरा बांधल्यावाचून बांधीत पाणी कोणी घेत नाही. ॲपमध्ये मात्र उलटे घडते. मजकूर आधी येतो, रेंज क्षीण असल्याने चित्र दहा सेकंदांनी येते, आणि आले की खालची सगळी बटणे ढकलते. ‘पुढे’ वर टेकणारे बोट तेवढ्यात ‘रद्द करा’ वर पडते. सर्व्हरने प्रत्येक नोंदीबरोबर चित्राची रुंदी व उंची पाठविली, तर चित्र येण्याआधी त्याच प्रमाणाची रिकामी चौकट उभी करता येते. यासाठी लागतात फक्त दोन आकडे.

चित्र नीट बसले तरी शेजारचा मजकूर मराठी आहे, हे मांडणी करणारा विसरतो. रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेल्या बटणात ‘लाखांदूर’ घातले की वरचा अनुस्वार आणि खालचा दीर्घ ऊकार दोन्ही कापले जाऊन ‘लाखादर’ उरते. देवनागरी ओळ वर मात्रा-रफारासाठी आणि खाली उकारासाठी जागा मागते, म्हणून बटणाची उंची बांधून देऊ नये. ती मजकुरानुसार वाढू द्यावी. वयस्क माणसे अक्षरे मोठी करून ठेवतात. २०२३ च्या अँड्रॉइड १४ मध्ये ती दुपटीपर्यंत वाढतात. तेव्हा आकसावे ते चित्राने. गट क्रमांक आणि पिकाचे नाव वाचता न येता पाठविलेली नोंद चुकीची निघाली, तर सुंदर चित्र ती दुरुस्त करीत नाही. आणखी एक भर अलीकडची : २०२४ च्या अँड्रॉइड १५ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेली ॲप पडद्याच्या कडेपर्यंत पसरतात, त्यामुळे तळाचे बटण फोनच्या स्वतःच्या पट्टीखाली जाऊ शकते. तेवढी जागा हिशेबात धरावी.

एकाच लोकप्रिय फोनसाठी नेमकी मांडणी करून मोकळे व्हावे, हा सल्ला स्वस्त वाटतो, पण सरकारी कामाच्या ॲपला आपला वापरणारा निवडता येत नाही. चाचणीला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. कमी स्मृतीचा एक जुना फोन, सर्वांत मोठी अक्षरे, तालुका लाखांदूर, एक उभे आणि एक आडवे छायाचित्र, आणि मध्येच बंद केलेले नेटवर्क एवढे पुरते. आणि ही चाचणी धानाची रोवणी, म्हणजे लावणी, सुरू होण्याआधी व्हायला हवी.